कापसाची धूळ आणि सोमवारची धाप

नांदेडच्या उस्मानशाही गिरणीचा भोंगा आतां वाजत नसला, तरी जिल्ह्यांतील जिनिंगचे कारखाने हंगामांत चालूच असतात. लातुरास डाळीच्या गिरण्या. धूळ दोहोंकडे आहे. पण कापसाच्या धुळीचा खोडसाळपणा कांहीं निराळाच. आठवडाभर श्रमल्यावर शनिवारीं नव्हे, तर सुटीनंतर पहिल्याच दिवशीं, म्हणजे बहुधा सोमवारीं, कामगाराची छाती आवळते व धाप लागते. मंगळवारीं त्यास बरें वाटूं लागतें. आणि मग त्याचें दुखणें आळसाचें ढोंग ठरतें!

वैद्यकांत यास बिसिनोसिस म्हणतात. बोंडाबरोबर येणाऱ्या पानाकाडीच्या चुऱ्यावर सूक्ष्म जंतु वाढतात. त्यांच्या कवचांतील विष फुप्फुसांत उतरून श्वासनलिका आकुंचित करतें, हें मुख्य कारण मानतात. वर्षें लोटलीं कीं सोमवारची धाप रोजची होते, व ती पुरती जात नाहीं. विडी ओढणाऱ्यास तर ती अधिकच जाचते.

अमेरिकेनें १९७८ सालीं सूतकताईच्या खात्यांतील हवेस घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम धुळीची मर्यादा घातली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यानें अशा धंदेवाईक रोगांची वर्दी देण्याचें काम उपचार करणाऱ्या डॉक्टरावर सोपविलें. पण रुग्णास कोणता वार जड जातो, हें विचारल्यावांचून वर्दी द्यावयाची कशाची?