उभ्या हलक्या विमानांचे वादळी वाऱ्यापासून संरक्षण : तत्त्व व पद्धती

प्रस्तावना

विमान हवेतून पुढे धावते की हवा विमानावरून वाहते, या भेदाने पंखाच्या कार्यात फरक पडत नाही. वाऱ्याचा वेग पुरेसा असल्यास उभ्या विमानाच्या पंखावरही उत्थापक प्रेरणा निर्माण होते. म्हणून वादळापूर्वी विमान बांधणे म्हणजे ते केवळ जागेवर ठेवणे नव्हे, तर त्याला उडू न देणे होय. प्रस्तुत लेखात या तत्त्वाच्या आधारे बांधणीच्या पद्धतींचे विवेचन केले आहे.

वाऱ्याची प्रेरणा

उत्थापक प्रेरणा वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किमी वाऱ्याच्या तुलनेत ८० किमी वाऱ्यात ती चौपट, तर १२० किमी वाऱ्यात नऊपट होते. प्रशिक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १७२ या विमानाच्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १६.२ चौ. मी. आणि रिकामे वजन सुमारे पाऊण टन असते. झोताने त्याचे नाक उचलले जाऊन पंखाचा कोन वाढला, तर ताशी सुमारे ८० किमी वेगातच ही प्रेरणा त्या वजनाची बरोबरी करू शकते. नाक उचलले जाऊ न देणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

बांधणीची पद्धती

विमान शक्यतो अपेक्षित वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभे करावे. चाकांच्या पुढे व मागे ठोकळे लावावेत, फ्लॅप मिटवावेत आणि एलेरॉन, एलिव्हेटर व रडर कुलूपबंद करावेत. दोर केवळ त्यासाठीच्या कड्यांतून ओवावा. पंखाच्या तिरप्या आधारदांड्याला तो बांधल्यास ताण पडून दांडा वाकू शकतो. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशनने हलक्या विमानासाठी सुमारे ३,००० पौंड, म्हणजे जवळजवळ १,३६० किलो, ओढ सहन करणारा दोर सुचविला आहे. मनिला दोर भिजल्यावर आखडतो व कालांतराने कुजतो. त्यामुळे नायलॉनचा दोर श्रेयस्कर. दोरात सुमारे एक इंच ढील ठेवावी. ढील अधिक झाल्यास विमानाला हिसके बसतात, तर दोर अति ताणल्यास सांगाड्यावर भार येतो.

दुबळा दुवा

कडे, दोर, गाठ, खुंट आणि जमीन ही एकच साखळी आहे व तिचे बळ सर्वांत दुबळ्या दुव्याइतकेच असते. भुसभुशीत मातीतील खुंट उपटला गेल्यास उत्तम दोरही निरुपयोगी ठरतो. ३१ मार्च २०११ रोजी फ्लोरिडातील लेकलँड येथे विमान-मेळावा सुरू असताना टॉर्नेडो आला आणि अनेक उभ्या विमानांची हानी झाली. सुटलेले विमान शेजारच्या विमानांवरही आदळते. वळवाचे वादळ फारशी पूर्वसूचना देत नाही. त्यामुळे बारामती, धुळे यांसारख्या प्रशिक्षण-केंद्रांतही खुंटांची तपासणी उन्हाळ्यापूर्वीच होणे इष्ट आहे. अतितीव्र वादळात मात्र विमान भक्कम हँगरमध्ये ठेवणे किंवा वेळीच अन्यत्र नेणे हाच खात्रीचा उपाय होय.

समारोप

वादळ शमल्यानंतरही संरक्षणाचे काम संपत नाही. हिसक्यांनी एलेरॉन वा एलिव्हेटरच्या बिजागऱ्या, नियंत्रक तारा व कड्यांचे जोड सैल झालेले असू शकतात आणि बाहेरून विमान अभंग दिसते. असा दोष हवेत उघडकीस आल्यास त्याची किंमत शिकाऊ वैमानिकास मोजावी लागते. म्हणून तंत्रज्ञाने तपासणी केल्याशिवाय त्या विमानाचे पुढील उड्डाण होऊ नये.