शंभराचे एकशेसाठ

दोस्तांनो, समजा मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही आईबाबांबरोबर काठमांडूला गेलात. दुकानात एक लोकरीची टोपी आवडली. दुकानदार म्हणाला, "चारशे रुपये." बाबांनी लगेच आपल्याकडच्या शंभराच्या चार नोटा काढल्या. थांबा, थांबा! आधी विचारा, "कुठले रुपये?"

कारण रुपया आपलाही आणि नेपाळचाही. नाव एकच, पण मोल वेगळं. आपले १०० म्हणजे नेपाळचे १६०. टोपीची किंमत नेपाळी रुपयांत असेल तर आपले २५०च पुरतात; विचारलं नाही तर दीडशे रुपये उगाच गेले! म्हणून तिथले लोक बोलताना 'भारु' की 'नेरु' किंवा 'आयसी' की 'एनसी' हे आधी स्पष्ट करून घेतात.

हिशेब तोंडी जमतो, बरं का. भारतीय रकमेला ८ने गुणा, ५ने भागा, झाले नेपाळी रुपये. उलट जायचं तर ५ने गुणा, ८ने भागा.

आता गंमत पाहा. डॉलरचा भाव रोज वरखाली होतो, पण हा १६०चा दर फेब्रुवारी १९९३पासून जागचा हललेला नाही. तो नेपाळ राष्ट्र बँकेने, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेने बांधून ठेवलाय. नुसतं ठरवून भागत नाही, त्या दराने भारतीय रुपये पुरवावेही लागतात. साठा कमी पडला की ही बँक आपल्याकडचे डॉलर विकून भारतीय रुपये विकत घेते. त्यातले पुष्कळ डॉलर येतात कुठून? आखाती देशांत, मलेशियात राबणाऱ्या नेपाळी माणसांनी घरी पाठवलेल्या पैशांतून.

याला एक किंमतही आहे. समजा डॉलर आपल्याकडे ८० रुपयांचा ८५ झाला, तर नेपाळमध्ये तो आपोआप १२८चा १३६ होतो. नेपाळने काही केलेलं नसतानाही!

मग कशाला हा खटाटोप? नेपाळचा सर्वांत मोठा व्यापार भारताशी, सीमा खुली, आणि हजारो नेपाळी लोक मुंबई-दिल्लीत कामाला. इथून ५,००० पाठवले की घरी ८,००० होणार, हे त्यांना आधीच ठाऊक असतं.

दर हलला की काय होतं, ते १९६६ साली दिसलं. ६ जूनला भारताने रुपयाची किंमत उतरवली. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. नेपाळने आपली किंमत तशीच ठेवली. त्यामुळे भारतात १०० रुपये कमावून गावी परतणाऱ्याच्या हाती १६०ऐवजी १०१ नेपाळी रुपये पडू लागले. घाम तेवढाच गाळलेला! १९६७च्या डिसेंबरात नेपाळनेही किंमत उतरवली तेव्हा ते १३५वर आले, आणि मग बरीच वळणं घेत पुन्हा १६०वर.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "म्हणजे नेपाळमध्ये सगळं स्वस्त!" छे! रुपया लहान, तसे किमतीचे आकडे मोठे. टोपी स्वस्त की महाग, हे हिशेब केल्यावरच कळतं.

नेपाळी रुपया १९३२चा. त्याआधी तिथे मोहर चालायची. दोन मोहरांचा एक रुपया झाला. नेपाळच्या पहिल्या कागदी नोटा १९४५ साली निघाल्या आणि त्या छापल्या कुठे, माहीत आहे? आपल्या नाशिकच्या छापखान्यात! पूर्वी नेपाळी नोटांवर राजाचं चित्र असे. २००८मध्ये नेपाळ प्रजासत्ताक झाला, आणि राजाची जागा घेतली एव्हरेस्टने. मागच्या बाजूला मात्र प्राणी: पाचच्या नोटेवर याक, वीसच्या नोटेवर बारशिंगा, शंभरावर गेंडा, हजारावर हत्ती. मला विचाराल तर हिमबिबट्याची पन्नासची नोट सगळ्यांत देखणी.

जाता जाता एक कोडं. जनकपूरच्या दुकानात एक पुस्तक आहे, छापील किंमत ७५ भारतीय रुपये. तुमच्या खिशात गेंड्याची एक आणि बारशिंग्याची एक नोट आहे. पुस्तक मिळेल का? आणि सुटे किती परत येतील?