बटण बंद, तरी करंट चालू!

एप्रिलचा दुसरा आठवडा, दोन दिवसांवर सबमिशन आणि रूममधला फॅन बंद. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना पुढचं सांगायलाच नको. पुण्यात आम्ही तिघी तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर थेट गच्ची. रात्री अकरालाही स्लॅब तव्यासारखा तापलेला. बटण दाबलं की फॅन नुसता हूंऽऽ करायचा, फिरायचा नाही. मग आम्ही तेच केलं, जे तुम्हीही कधीतरी केलं असेल. झाडूच्या दांड्यानं पातीला ढकललं. फिरला की राव! गंमत म्हणजे चुकून उलट्या बाजूला ढकलला, तर उलटाही फिरला.

दोन रात्री या जुगाडावर काढल्या. तिसऱ्या दिवशी रूममेटनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, बटण बंद केलं, पलंगावर प्लास्टिकचं स्टूल ठेवलं आणि वर चढली. वायरला हात लागला मात्र, किंचाळून ती खाली गादीवर. मनगट मुरगळण्यावर निभावलं. पलंगाची लाकडी कड तिच्या डोक्यापासून वीतभर लांब होती.

पण बटण तर बंद होतं ना? हाच प्रश्न आम्ही संध्याकाळी आलेल्या वायरमन काकांना विचारला. त्यांनी टेस्टर लावला. बटण बंद असतानाही फॅनच्या वायरवर दिवा पेटला. “अगं पोरी, बटण न्यूट्रलवर जोडलंय कुणीतरी,” काका म्हणाले.

हे नीट समजून घ्या. घरात दोन मुख्य तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. करंट घेऊन येते ती फेज. बटणानं फेज तोडायला हवी. वायरिंग करताना अदलाबदल झाली, तर बटण न्यूट्रल तोडतं. फॅन थांबतो, पण फेज वर त्याच्यापर्यंत पोचलेलीच असते. खालून बघणाऱ्याला दोन्हींत काहीच फरक दिसत नाही. आपल्या आधी त्या घरात कोणी काय जोडून ठेवलंय, हे भाडेकरूला कळणार तरी कसं?

म्हणून फॅनला हात लावण्याआधी एमसीबी पाडा. त्यातही एक मेख आहे. कुठली एमसीबी कुठल्या खोलीची, हे बहुतेक घरांत लिहिलेलं नसतं आणि बंद पडलेला फॅन काही सांगू शकत नाही. सरळ मेनच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन पाडली तरी इन्व्हर्टर फॅनच्या लाइनला २३० व्होल्ट देत राहतो. मग टेस्टर लावा, पण तो टेस्टर चालतोय का, हे मेन पाडण्याआधी चालू सॉकेटवर तपासून घ्या. नाहीतर बिघडलेला टेस्टर पेटला नाही म्हणून आपण खूश!

आता त्या हूंऽऽचं कारण. फॅनची मोटर सिंगल फेजवर चालते. अशा मोटरला सुरुवातीला कुठल्या दिशेनं फिरायचं, हे स्वतःहून ठरवता येत नाही. मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात. दुसऱ्या वाइंडिंगमधल्या करंटची वेळ थोडी पुढे सरकवून मोटरला दिशा देण्याचं काम कपॅसिटर करतो. तो गेला की मोटर नुसती गुणगुणते. बाहेरून जिकडे ढकलाल तिकडे फिरते. आमचा झाडू दोन दिवस कपॅसिटरची नोकरी करत होता म्हणायचं. कपॅसिटर पूर्ण न जाता नुसता कमजोर झाला, तर फॅन पाचवर ठेवूनही रेंगाळत फिरतो.

दुकानात ‘कंडेन्सर’ म्हणून मागा. जुन्यावर छापलेला आकडा पाहून तेवढ्याचाच घ्या. आपल्याकडच्या नेहमीच्या फॅनला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो. जास्त आकड्याचा टाकून वारा वाढवायच्या भानगडीत पडू नका, वाइंडिंग तापतं. आमचा ६० रुपयांना मिळाला. रॉडच्या खालच्या कपात तो बसतो. जुना काढण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरचं पातं एकदम टेकवा, आत साठलेला चार्ज निघून जातो. कुठली वायर कुठे होती, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. आणि चढायला घोडा आणा, म्हणजे दुहेरी शिडी. खाली धरायला एकजण हवाच.

हूंऽऽसुद्धा येत नसेल, तर दोष बटण, रेग्युलेटर किंवा सुटलेल्या वायरचा असू शकतो. जळका वास आला तर वाइंडिंग गेलं समजा आणि लगेच बंद करा. घरघर वाढत चालली असेल तर बेअरिंग. ही सगळी कामं वायरमनचीच, आपली नाहीत.

नवीन फॅन टांगणं तर मुळीच नाही. चार-पाच किलोची फिरती वस्तू आपण डोक्यावर लटकवत असतो. स्लॅबमधल्या हुकाला शॅकल अडकवतात, त्यातून बोल्ट जातो, त्याला नट आणि नट सुटू नये म्हणून स्प्लिट पिन. काकांनी आमचा वरचा कप खाली सरकवून दाखवला, तर पिनच नव्हती. तो फॅन इतके दिवस फक्त नटाच्या भरवशावर आमच्यावर फिरत होता! रूम भाड्यानं घेताना नळ, खिडक्या बघता ना? मेन बंद करून तो कपही सरकवून बघायला सांगा. पाती जमिनीपासून साधारण आठ फुटांवर आहेत ना, तेही पाहा. लोफ्ट बेडवर झोपणाऱ्यांनी तर नक्कीच.

घरमालक नवा फॅन देत असतील, तर बीएलडीसी मागून बघा. साधा फॅन ७५ वॉटच्या आसपास खातो, हा ३०च्या. रोज बारा तास धरले तर महिन्याला २७ युनिटऐवजी ११. फक्त त्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून थेट जोडणी करावी लागते.

काकांनी कंडेन्सर बसवला, पिन घातली, बटण फेजवर घेतलं. त्यांचे २०० रुपये घरमालकांनी भाड्यातून वळते करून घ्यायला सांगितलं. कंडेन्सरचे ६० मात्र आमच्याच माथी. हॉलमधला फॅन अजून डुलतोय. पात्यांवर धूळ कमी-जास्त साचली तरी असं होतं म्हणे. रविवारी मेन पाडून उशीचा जुना अभ्रा एकेका पातीवर चढवून पुसणार आहोत, म्हणजे धूळ अभ्र्यातच राहते. त्यानंतरही डुलला तर प्रत्येक पातीच्या टोकाचं छतापासूनचं अंतर टेपनं मोजायचं, एखादी वाकलेली सापडते. घोडा खालच्या काकूंकडे सांगून ठेवलाय. धरायला रूममेट उभी राहणार, पण डाव्या हातानं.