उपचारस्थळाची निवड

उपचारस्थळाची निवड म्हणजे आजार, दुखापत वा प्रसूतीच्या प्रसंगी कोणत्या दवाखान्यात अथवा रुग्णालयात जावे, याविषयी रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकांनी घेतलेला निर्णय होय. आजाराचे गांभीर्य, हाताशी असलेला वेळ, अंतर, संस्थेतील सोयी आणि खर्च या पाच बाबींवर तो अवलंबून असतो. किरकोळ आजारासाठी मोठ्या रुग्णालयात गेल्यास रुग्णाचा दिवस व पैसा खर्ची पडतो आणि त्या रुग्णालयावरील ताण वाढतो. याउलट गंभीर रुग्णास आवश्यक सोयी नसलेल्या ठिकाणी नेल्यास मोलाचा वेळ वाया जाऊन त्याच्या जीवितास धोका संभवतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील व्यवस्थेचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

भारतातील सार्वजनिक आरोग्यसेवेचा आराखडा सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली सादर केलेल्या अहवालावर आधारलेला आहे. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे या अहवालाचे एक प्रमुख तत्त्व होते. गावाजवळ प्राथमिक सेवा, त्यावर तालुका पातळीवरील रुग्णालय आणि त्याहून वर विशेषज्ञांची मोठी रुग्णालये अशी उतरंड पुढे विकसित झाली. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानामुळे गावोगावी आशा स्वयंसेविका नेमल्या गेल्या. २०१८ पासून उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर होऊ लागले. २०२३ मध्ये या केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव देण्यात आले.

तीन विलंब

सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ साली मातामृत्यूंच्या संदर्भात ‘तीन विलंबां’ची मांडणी केली. उपचार घ्यावेत हे ठरवण्यात होणारा पहिला विलंब, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यात होणारा दुसरा आणि पोहोचल्यानंतर योग्य उपचार मिळण्यात होणारा तिसरा. ही मांडणी प्रसूतीपुरती असली, तरी सर्पदंश, हृदयविकार व अपघात यांनाही ती लागू पडते. ठिकाण चुकल्यास दुसरा व तिसरा विलंब एकदमच वाढतात. रुग्ण एका रुग्णालयात पोहोचतो, तेथे सोय नसल्याने त्याला पुढे पाठवले जाते आणि प्रवास पुन्हा सुरू होतो.

संस्थांची रचना

* उपकेंद्र : सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक, असा निकष आहे. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, रक्तदाब व मधुमेहाची प्राथमिक चाचणी आणि साध्या आजारांवरील औषधे येथे मिळतात.
* प्राथमिक आरोग्य केंद्र : निकष अनुक्रमे ३०,००० व २०,००० लोकसंख्येचा. येथे वैद्यकीय अधिकारी असतो. बाह्यरुग्ण तपासणी, साधी प्रसूती, काही प्रयोगशाळा चाचण्या व मोजक्या खाटा ही येथील सोय होय.
* ग्रामीण रुग्णालय : साधारणतः ३० खाटांचे. क्ष-किरण तपासणी, आंतररुग्ण विभाग आणि काही विशेषज्ञांची सेवा येथे अपेक्षित असते.
* उपजिल्हा रुग्णालय : ५० अथवा १०० खाटांचे. शस्त्रक्रिया व सिझेरियन प्रसूतीची सोय असते.
* जिल्हा रुग्णालय : लोक यास ‘सिव्हिल’ म्हणतात. अतिदक्षता विभाग, रक्तपेढी, नवजात बालकांचा विशेष कक्ष इत्यादी सोयी येथे असतात.
* वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय : गुंतागुंतीचे आजार व मोठ्या शस्त्रक्रियांसाठी. मुंबईतील जे. जे., के. ई. एम. व शीव येथील रुग्णालये या प्रकारात मोडतात.

प्रसंगानुसार निवड

नेहमीचे आजार : सर्दी, ताप, जुलाब, त्वचारोग, तसेच रक्तदाब व मधुमेहाचे नियमित उपचार यांसाठी जवळचे आरोग्य केंद्र किंवा परिचयाचा नोंदणीकृत डॉक्टर हेच योग्य ठिकाण मानले जाते. एकाच ठिकाणी सातत्याने गेल्यास डॉक्टरला रुग्णाचा पूर्वेतिहास ठाऊक राहतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास क्षयरोगाची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात.

श्वानदंश : जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुणे हा पहिला उपचार घरीच करावयाचा असतो. त्यानंतर लस टोचून घेण्यासाठी जवळच्या सरकारी केंद्रात जावे लागते. रक्त आलेल्या जखमेत लसीखेरीज रेबीज प्रतिपिंडांचे इंजेक्शनही आवश्यक असते. ते प्रत्येक ठिकाणी उपलब्ध नसल्याने पुढील रुग्णालयात जाण्याची तयारी ठेवावी लागते.

सर्पदंश व विंचूदंश : महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आढळतात. त्यांच्या विषावर प्रतिविष हाच उपाय आहे. त्यामुळे प्रतिविष उपलब्ध असलेले सर्वांत जवळचे केंद्र हेच पहिले ठिकाण ठरते. मांत्रिकाकडे जाणे, जखम कापणे वा आवळपट्टी बांधणे यांत वेळ दवडणे घातक असते. काचेच्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटांत गोठते का, ही साधी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते. श्वास घेण्यास अडचण आल्यास कृत्रिम श्वसनयंत्राची, तर घोणसदंशात मूत्रपिंडे निकामी झाल्यास डायलिसिसची गरज पडते. अशा रुग्णास प्रतिविष सुरू करून मोठ्या रुग्णालयात हलवले जाते. कोकणातील लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करताना दाखवून दिला. गावाजवळच्या केंद्रात वेळेवर मिळालेले साधे औषधही प्राण वाचवू शकते, याचे हे उदाहरण होय.

हृदयविकाराचा झटका : छातीत दाब वा कळ, ती हात किंवा जबड्याकडे पसरणे, घाम व दम लागणे ही प्रमुख लक्षणे. ई. सी. जी. काढता येईल अशा जवळच्या रुग्णालयात तातडीने जाणे आवश्यक असते. निदानानंतर सुमारे १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसल्यास, योग्य रुग्णांना गुठळी विरघळवणारे औषध आधी देऊन मग पुढे पाठवण्याची पद्धत आहे.

पक्षाघात : चेहरा वाकडा होणे, हातातील बळ जाणे व बोलणे अडखळणे ही लक्षणे एकाएकी दिसतात. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्तस्राव नाही याची सी. टी. स्कॅनने खात्री केल्याशिवाय ते देता येत नाही. म्हणून या एका आजारात, वेळेत पोहोचता येत असेल तर, सी. टी. स्कॅन नसलेल्या जवळच्या दवाखान्यापेक्षा ती सोय असलेले थोडे दूरचे रुग्णालय श्रेयस्कर ठरते.

प्रसूती : जोखीम नसलेली प्रसूती प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. पूर्वीचे सिझेरियन, वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय किंवा जुळे असल्यास शस्त्रक्रिया व रक्ताची सोय असलेले रुग्णालय आधीच ठरवून ठेवणे हितावह असते. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत प्रसूती, औषधे व वाहनव्यवस्था विनामूल्य आहे.

वाहन व संदर्भसेवा

तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. गरोदर माता व नवजात बालकांसाठी १०२, तर आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ हा क्रमांक आहे. रुग्णास पुढे पाठवताना दिलेले उपचार व त्यांची वेळ यांची नोंद असलेली संदर्भचिठ्ठी सोबत असावी लागते. निघण्यापूर्वी पुढील रुग्णालयात खाट, तज्ज्ञ डॉक्टर व रक्त उपलब्ध आहे का, याची दूरध्वनीवरून खात्री करून घेतल्यास तिसरा विलंब बराच कमी होतो.

कायदेशीर तरतुदी

तातडीच्या रुग्णाचे प्राण वाचवणे हे सरकारी व खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात दिला. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्यास मार लागलेल्या एका शेतमजुरास अनेक सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतले नाही. अखेर त्याला खासगी रुग्णालयात स्वखर्चाने उपचार घ्यावे लागले. या प्रकरणी १९९६ साली न्यायालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवून त्यास २५,००० रुपये भरपाई मंजूर केली. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्तास मदत करणाऱ्या व्यक्तीस कायदेशीर संरक्षण दिले.

खर्च

महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. निवडक आजारांवरील उपचार योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांतच रोख पैसे न भरता मिळतात. म्हणून नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालय व आजार दोन्ही योजनेत आहेत का, याची तेथील ‘आरोग्यमित्रा’कडे चौकशी करणे आणि शिधापत्रिका व ओळखपत्र जवळ ठेवणे आवश्यक असते.

मर्यादा

ही रचना कागदावर सुसूत्र असली, तरी प्रत्यक्षात ग्रामीण रुग्णालयांतील विशेषज्ञांची अनेक पदे रिक्त असतात. परिणामी रुग्ण मधले टप्पे टाळून थेट शहर गाठतात आणि मोठ्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत गर्दी होते. दुर्गम भागांत रस्ता व वाहनाचा अभाव ही मोठी अडचण आहे. पावसाळ्यात ती अधिक तीव्र होते. काही ठिकाणी नोंदणी नसलेल्या व्यक्तीच पहिला उपचार करतात. आपल्या परिसरात कोणती सोय कोठे व कोणत्या वेळी मिळते, ही माहिती आशा स्वयंसेविकेकडून वा आरोग्य केंद्रातून आजारापूर्वीच करून घेतलेली असल्यास संकटसमयी निर्णय घेणे सुलभ होते.