ढोलीतले बाळंतपण

काही वर्षांपूर्वी गुडघेदुखीचे एक वृद्ध रुग्ण माझ्याकडे आले. तपासणी झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक लहानशी बाटली काढली. "डॉक्टरसाहेब, हे धनेशाचं तेल. लावत राहू ना?" धनेशाच्या चरबीने सांधे मोकळे होतात ही समजूत जुनी आहे, तिला वैद्यकीय आधार नाही. तेवढे सांगून मी पुढच्या रुग्णाकडे वळलो. त्या तेलाची किंमत मला नंतर दांडेलीच्या अरण्यात कळली.

तेथे काळी नदीच्या परिसरात मी महाधनेश प्रथम पाहिला. लांबी साडेतीन-चार फूट, वजन सुमारे तीन किलो. पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा, बराच दुरून ऐकू येणारा. चोचीवरचे शिरस्त्राण दिसते जड, पण असते पोकळ. मानेवरचा पिवळा रंग तर चक्क लावलेला! शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतले पिवळे तेल चोचीने घेऊन हा पक्षी पिसांना फासतो. नराचे डोळे लाल, मादीचे पांढरट. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावर हाच पक्षी विराजमान आहे. त्याचा मूळ नमुना, 'विल्यम' नावाचा पाळीव धनेश, १९२० साली मरण पावला. तारेचा तुकडा गिळल्याचे निमित्त झाले, असे म्हणतात.

परंतु खरे नवल आहे ते बाळंतिणीच्या खोलीचे. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मादी जुन्या वृक्षाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःची विष्ठा व फळांचा चोथा यांनी दार आतून लिंपून घेते. उरते ती चोचीपुरती उभी फट. अंडी एक किंवा दोन, आणि ती उबवायला जवळजवळ चाळीस दिवस. याच काळात तिची उडण्याची पिसे गळून नवी येतात. म्हणजे आत बाळंतीण, तीही पंखांवाचून! प्रत्येक घास नराने आणायचा. उंबरवर्गातली फळे, रानजायफळे तो गळ्यात साठवून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून भरवतो. मधूनच एखादा सरडाही. विष्ठा त्याच फटीतून बाहेर टाकली जाते, त्यामुळे आत घाण साचत नाही. झाडाखाली मात्र टाकलेल्या बियांची रोपे उगवतात. पिलू वाढले की मादी दार फोडून बाहेर येते, पिलू ते पुन्हा लिंपून घेते आणि दोघे मिळून त्याला भरवू लागतात.

या दिवसांत बाटलीभर चरबीसाठी नर मारला, तर फटीपाशी कोणी येत नाही. मादीला नवी पिसे आली नसतील तर ढोलीतले सारे कुटुंब उपाशी मरते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या शिकारीस बंदी आहेच. तथापि आपल्यापैकी कोणाच्या टेबलावर अशी बाटली आलीच, तर माझ्यासारखी घाई न करता रुग्णाला या ढोलीची हकिगत सांगावी, एवढीच व्यवसायबंधूंना विनंती.