झोपलेला जंतू

आमच्या जळगाव-धुळ्याकडे रात्री विरजण लावले की सकाळी दही तयार. क्षयाच्या जंतूला अशी घाई नाही. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे २० तास लागतात. अंड्याच्या पोषकावर त्याची वाढ डोळ्यांना दिसायला तीन ते आठ आठवडे. नवे औषध पारखणाऱ्याने थांबायचे तरी किती? म्हणून बेडाक्विलिनच्या शोधात आधी त्याच कुळातला, झपाट्याने वाढणारा, सहसा निरुपद्रवी जंतू वापरला गेला. अमेरिकेत २०१२ साली या औषधाला मान्यता मिळाली.

पण वाढता जंतू मारणे त्यातल्या त्यात सोपे. खरी परीक्षा झोपलेल्याची! प्रयोगशाळेत प्राणवायू तोडून जंतूला झोपवतात, मग औषध देतात. खोकला थांबताच गोळ्या सोडून कापूस वेचायला गेलेले मजूर मी पाहिले आहेत. त्यांच्या छातीत उरलेला असतो तो हाच.