केक टिनला चिकटतोय? दीड रुपयात बसणारं घरगुती कोटिंग

व्हिडिओत मी हे मिश्रण फेटून दाखवलं, पण ते काम कसं करतं आणि धंद्यात त्याचा हिशोब काय बसतो, हे सांगायला वेळ पुरला नाही. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

मागे एक ताई आमच्या वरवट बकालच्या दुकानात ७ इंची ॲल्युमिनियमचा टिन घेऊन आल्या. आपल्याकडे अजूनही त्याला जर्मनचा डबाच म्हणतात. म्हणाल्या, "भाऊ, हा टिन वापस घ्या. केक निघूनच नाही राहिला यातून." वाढदिवसाची अर्ध्या किलोची ऑर्डर होती. तळ व्यवस्थित सुटला, पण कडा टिनच्या भिंतीलाच राहिल्या. क्रीम थापून लपवायला गेल्या तर केक एका बाजूने बसला. ती ऑर्डर तर गेलीच, त्या घरची पुढची ऑर्डरही शेगावहून आली.

मी विचारलं, "ताई, टिनला लावलं काय होतं?"

"घरचं तूप. भरपूर लावलं होतं."

टिन चांगला होता. घोळ तुपाचा होता, आणि तोही तूप कमी पडल्याचा नव्हता. तूप गरम झालं की पाण्यासारखं पातळ होतं आणि भिंतीवरून ओघळून तळाला जमा होतं. म्हणून तळ सुटला आणि भिंत कोरडी राहिली. तुमचा केक नेमका कुठे चिकटतो ते आधी बघा, अर्धं कारण तिथेच सापडतं.

लोणी लावणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बाजारातल्या बटरमध्ये १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं, शिवाय दुधाचे घटक असतात. पाण्याची वाफ होते, आणि दुधाचे घटक करपून स्वतःच टिनला धरतात. ज्यानं सोडवायचं, तेच चिकटून बसतं. नुसतं तेल लावलं तर ते ओघळतंच, वर टिनवर थेंब थेंब होऊन मध्ये जागा मोकळ्या राहतात. धातू दिसायला गुळगुळीत असला तरी त्यावर बारीक खाचा असतात. अंड्यातलं, दुधातलं प्रथिन आणि साखर त्या खाचांत शिरून भाजली, की सुरी घेऊन बसावं लागतं.

आता मिश्रण. मैदा, रिफाइंड तेल आणि वनस्पती तूप, तिन्ही एकाच वाटीनं सारखं मोजून घ्यायचं. (डालडा हा ब्रँड १९३७ पासूनचा. इतका जुना, की आपण कुठल्याही कंपनीच्या वनस्पती तुपाला डालडाच म्हणतो.) इथे माप वाटीचं आहे, वजनाचं नाही, यात बरेच जण चुकतात. मैदा हलका असतो. अर्ध्या कपाच्या मापानं मैदा साधारण ६० ग्रॅम, तेल ११० ग्रॅम आणि वनस्पती ९५ ग्रॅम भरतं.

मैदा चाळून घ्या. आधी वनस्पती एकटंच फेटून मऊ करा, मग मैदा, मग तेल थोडं थोडं घाला. बीटरनं चार-पाच मिनिटं फेटलं की रंग पांढरा होतो आणि मिश्रण फुलून क्रीमसारखं दिसतं. बीटर नसेल तर हातानं, दंड दुखेपर्यंत. तेल सोयाबीनचं किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड घ्या. घाण्याचं शेंगदाणा तेल भाजीला उत्तम, पण व्हॅनिला केकच्या कडेला शेंगदाण्याचा वास आला की गिऱ्हाईक बोलणारच.

यात प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. तेलामुळे मिश्रण ब्रशनं पसरतं. वनस्पतीमुळे ते घट्ट राहतं, लावल्या लावल्या खाली येत नाही. ओव्हनमध्ये वनस्पतीही वितळतं, पण तोवर मैद्याच्या कणांनी तेल-तूप जागच्या जागी धरून ठेवलेलं असतं. केक आणि धातू यांच्यामध्ये एक पातळ पापुद्रा तयार होतो आणि केक त्या पापुद्र्यासकट सुटून येतो. आधी तेल लावून वरून मैदा भुरभुरणं ही जुनी पद्धत याच तत्त्वावर चालते, फक्त त्यात मैदा कुठे जाड कुठे पातळ बसतो आणि ओटा पांढरा होतो.

लावताना ब्रश तळापासून वर न्या. थर इतका पातळ हवा की मागचा धातू अंधुक दिसला पाहिजे. जाड लावला तर केकच्या कडा तळल्यासारख्या होतात आणि मैद्याचे पांढरे डाग उठतात. नक्षीच्या साच्यात प्रत्येक खाचेत ब्रश फिरवा. चॉकलेट केक असेल तर थोड्या मिश्रणात चमचाभर कोको पावडर कालवा, पांढरे डाग दिसणार नाहीत. केक ओव्हनमधून काढल्यावर दहा मिनिटं टिनमध्येच राहू द्या, मग उलटा करा. लगेच काढला तर तुटतो. रात्रभर ठेवला तर तूप थिजून धरून बसतं, अशा वेळी टिनचा तळ किंचित कोमट करून घ्या.

शिफॉनसारख्या अंड्याच्या फेसावर फुलणाऱ्या केकला मात्र हे लावायचं नाही. तो केक टिनच्या भिंतीला धरून वर चढतो. भिंत तेलकट केली तर घसरून बसतो.

नॉनस्टिक कोटिंग म्हटलं की काही जणांना टेफ्लॉन आठवतं आणि जुन्या खरवडलेल्या पॅनवर ते घरी पुन्हा चढवता येईल असं वाटतं. तसं होत नाही. टेफ्लॉन १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांच्या हाती प्रयोगशाळेत योगायोगानं लागलं, आणि ते भांड्यावर कारखान्यातच बसतं. आपलं मिश्रण दर वेळी नव्यानं लावायचं आहे. टेफ्लॉनचा पॅन २६० अंशांच्या पुढे तापला की त्याचा थर खराब होऊ लागतो. ओव्हनच्या १८० अंशांना काही होत नाही, पण कुकरमध्ये मीठ घालून मोठ्या गॅसवर केक करणाऱ्यांनी जर्मनचा साधा डबाच वापरलेला बरा.

आता हिशोब. बीबीए केलंय, सवय जात नाही. समजा तेल आणि वनस्पती १५० रुपये किलो, मैदा ४० रुपये किलो. वरच्या मापाला खर्च येतो सुमारे ३३ रुपये, मिश्रण बनतं २६५ ग्रॅम. ७ इंची टिनला साधारण १० ग्रॅम लागतं, म्हणजे २६ टिन. एका टिनला सव्वा रुपया. ब्रशला राहिलेलं, बरणीला चिकटलेलं धरा आणि दीड रुपया लिहा. तुमच्या गावचे भाव टाकून हे एकदा करून बघा. दुसऱ्या बाजूला, अर्ध्या किलोच्या केकमध्ये समजा १५० रुपयांचा माल जातो. एक केक तुटला की १०० टिनांच्या कोटिंगचे पैसे गेले, आणि गॅस, वेळ, गिऱ्हाईक यात धरलेलंच नाही. हा दीड रुपया केकच्या किमतीत लिहा. "तेल तर घरचंच आहे" म्हणून सोडून देऊ नका, नाहीतर महिन्याअखेर नफा कुठे गेला ते कळत नाही.

साठवण काचेच्या झाकणाच्या बरणीत, चमचा कोरडा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि वनस्पती त्याआधीच वितळतं. तेल वर, मैदा खाली. उन्हाळ्यात फ्रिजमध्येच ठेवा, वापरण्याआधी ढवळा. मी दोन महिन्यांवर ठेवत नाही. खवट वास आला तर सरळ टाकून द्यायचं, ३३ रुपयांकडे बघायचं नाही.

गिऱ्हाईक विचारेल, "डालडा वापरता का?" खरं सांगा: टिनला लावतो, केकच्या पिठात नाही. तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे सुट्टं न घेता लेबल असलेलं पाकीट घ्या आणि आकडा वाचा. तरी नको असेल तर वनस्पतीऐवजी घट्ट थिजलेलं तूप चालतं, पण ते हिवाळ्यात. आणि ज्वारी किंवा नाचणीचा केक "मैदा नाही" म्हणून विकत असाल, तर टिनला मैदा लावून कसं चालेल? गव्हाची ॲलर्जी असलेल्या माणसाला तेवढाही मैदा त्रास देतो. त्या केकसाठी तांदळाच्या पिठाचं वेगळं मिश्रण करा. बरणी वेगळी, ब्रशही वेगळा.

हे मिश्रण बरणीत भरून विकावं का, असंही एकदोघांनी विचारलं. माझं मत: सध्या नको. विकायला काढलं की तो स्वतंत्र खाद्यपदार्थ झाला. त्याची नोंदणी, लेबल, टिकाऊपणा, सगळं तुमच्या अंगावर, आणि वस्तू अशी की गिऱ्हाईक एकदा रेसिपी बघून घरी करेल. पैसा न तुटलेल्या केकमध्ये आहे.

त्या ताईंचा टिन मी परत घेतला नाही. दुकानातच मिश्रण लावून दिला आणि छोटी बरणी सोबत दिली. पुढच्या आठवड्यात आल्या त्या ८ इंची टिन मागायला.